वसंतकाका, वेळ तुमच्या बाजूने नव्हता

वसंतकाका,

मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर अर्धं पान लिहून द्या म्हणाले. दोन चांगले शब्द. मी म्हटलं, अर्ध्या पानात मावणार नाही, आणि चांगले शब्द सध्या माझ्याकडे नाहीत. तरी लिहा म्हणाले. आता छापायचं की नाही ते त्यांचं ते बघतील.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. शोकसभेला हॉल भरला होता. ज्यांचे पेन्शनचे फॉर्म तुम्ही भरलेत, ज्यांना भलत्यासलत्या स्कीममधून कान धरून बाहेर काढलंत, ते सगळे आले. बेसिंगस्टोकहून आयटीतली ती चार पोरंसुद्धा गाडी काढून आली. जो उठला तो तुमच्या शांतपणाबद्दल बोलला. "बाजार पडो, काही होवो, काका आपले चहा पीत बसायचे." "काकांना कधी घाबरलेलं पाहिलं नाही." शेवटी एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही हो त्यांनी." सगळ्यांनी माना हलवल्या.

मी मागच्या रांगेत बसले होते. मला वाटलं, उठावं आणि सांगावं. त्रास द्यायला हवा होता! चांगला वर्षभर द्यायला हवा होता. आम्ही होतो ना घ्यायला.

सभा संपली तशी तुमची मीनल बाळाला कडेवर घेऊन माझ्याकडे आली. तिने हळूच विचारलं, "शोभाताई, बाबाला माहीत होतं का? आधीपासून?" मी तिला काय म्हणाले असेन? म्हटलं, "तू काही खाल्लंस का गं?" आणि प्लेट आणायला गेले ती परत तिच्यासमोर आलेच नाही.

माहीत होतं. तुम्हाला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. तुम्ही मला गप्प राहायला सांगितलंत आणि मी राहिले. आता तुम्ही सुटलात आणि ते ओझं माझ्याजवळ राहिलंय. म्हणून हा राग आहे, काका. दोन चांगले शब्द सुचत नाहीत ते ह्याच्यामुळे.

आपली ओळख भांडणानेच झाली. मी तेव्हा इंग्लंडात नवीन आणि लॉन्ड्रीतही नवीन होते. बंदरात ती मोठमोठी क्रूझ जहाजं लागतात, त्यांच्या चादरी-टॉवेल धुणारी आमची लॉन्ड्री. घरी जाताना बसमध्ये मी नवऱ्याशी फोनवर तावातावाने बोलत होते, की पगारातून म्हातारपणासाठी म्हणून पैसे कापणार आहेत, मला नकोत कापायला, नको म्हणून उद्याच कळवते. मागच्या सीटवरून आवाज आला, "बाई, कळवू नका."

मी वळून बघितलं. डोक्याला लोकरीची टोपी, मांडीवर भाजीची पिशवी. मी म्हटलं, "तुम्ही कोण मला सांगणारे?"

"कोणी नाही. पण तुमच्या पैशात मालकालाही त्याच्या पदरचे घालावे लागतात. तुम्ही नको म्हणालात की ते त्याच्याच खिशात राहतात. मालकावर एवढी दया का?"

मला हसू आलं आणि रागही आला. तुम्ही माझ्या स्टॉपवर उतरलात. तुमचा स्टॉप दोन पुढे होता हे मला नंतर कळलं. बसस्टॉपच्या बाकावर बसून तुम्ही तो कागद ओळ न् ओळ वाचून दाखवलात. मी आठवी शिकलेली. इचलकरंजीत वडील मागावर, घरात खाणारी तोंडं सात, शाळा सुटली आणि मी सुताच्या कांड्या भरायला बसले. त्यानंतर ज्याने ज्याने मला कागद दाखवला त्याने बोट ठेवून "इथे सही कर" एवढंच सांगितलं. तुम्ही पहिले, ज्यांनी विचारलं, "ह्यातलं काय कळलं नाही ते सांगा." हे उपकार मी विसरत नाही. चिडले असले तरी विसरत नाही.

मग तुम्ही घरी येऊ लागलात. मी पोळ्या करत असायची आणि तुम्ही ओट्याशी उभं राहून शिकवायचात. आधी तीन-चार महिन्यांचा खर्च बँकेत साधा ठेवा, त्याला हात लावायचा नाही. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा बाजारात घालायचाच नाही. उरलं तर करमुक्त खातं उघडा, आणि त्यात सगळ्या जगातल्या हजारो कंपन्या मिळून असलेला एकच स्वस्त फंड. दर महिन्याला थोडे, पगार झाला की आपोआप जातील असे. "मग काय करायचं?" मी विचारायची. "मग काही करायचं नाही. तेच अवघड असतं."

आणि कॅनडाची गोष्ट, इथे यायच्या आधीची. ती तुम्ही किती वेळा सांगितलीत! हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात तुम्ही उभं राहून राहून पाय सुजवलेत, आणि साठवलेलं सगळं तिथल्या मंडळातल्या एका ओळखीच्या माणसाच्या हवाली केलंत. तो फंड विकायचा. गणपतीत तुमच्याकडे आरतीला यायचा, कुमुदकाकूंच्या हातचे मोदक मागून घ्यायचा. वर्षाला अडीच टक्के नुसता खर्च म्हणून कापला जातोय आणि मधेच काढले तर वर दंडही आहे, हे त्याने सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाही. मी एकदा म्हटलं, "अडीच म्हणजे काही जास्त नाही." तुम्ही माझ्या ताटातल्या कणकेच्या प्रत्येक गोळ्यातून एक चिमूट काढलीत. गोळे तसेच दिसत होते. मग तुम्ही ती काढलेली कणीक एकत्र मळलीत आणि म्हणालात, "ही दरवर्षी जाते. आणि जी गेली, तिची जी वाढ झाली असती, तीही जाते. वीस वर्षं. माझ्या कणकेच्या पोळ्या तो खाऊन गेला, शोभाबाई, आणि मी त्याला वर तूप वाढलं."

मी विचारलं, "तुम्ही शिकलेसवरलेले. एकदा तरी विचारायचं, किती घेतोस बाबा?"

तुम्ही तो गोळा परत माझ्या ताटात ठेवलात. मग म्हणालात, "आपल्या घरी जेवलेल्या माणसाला असं विचारता येत नाही. आपल्या लोकांची हीच खोड. परक्याला दहा प्रश्न विचारू, आणि जो पानावर बसला त्याला एकही नाही. जेवायला खुशाल बोलवा, पण प्रश्न विचारून घ्या."

काका, हे तुमचंच वाक्य आहे. लक्षात असू द्या. मी त्याच्यावर परत येणार आहे.

बाजार पडला तेव्हाचंही सांगते. त्या दिवशी दोन जहाजं एकदम लागली होती, चादरींचे ढीग छातीपर्यंत. सुट्टीत मी फोनवर माझं खातं उघडलं. काही महिन्यांची कमाई गेल्यासारखी दिसत होती. तुम्हाला फोन लावला. मी रडत होते, तुम्ही काहीतरी चावत होतात.

"काका, काढून टाकू का सगळं?"

"घर घ्यायचंय का ह्या महिन्यात?"

"नाही."

"मग कुणाला द्यायचेत?"

"कुणाला नाही. पण कमी झालेत!"

"कंपन्या बंद पडल्या का जगातल्या? साबण विकायचा थांबला? तुमच्या जहाजांवर माणसं चढायची थांबली? चादरी किती राहिल्यात?"

"ढीग आहे."

"मग त्या घड्या घाला. फोन पिशवीत टाका. वेळ तुमच्या बाजूने आहे, शोभाबाई."

मी शिव्या दिल्या तुम्हाला, मनात. नंतर सगळं भरून आलं, हळूहळू. आमच्याबरोबर काम करणाऱ्या एकीने त्याच आठवड्यात सगळं विकलं आणि परत घेतलंच नाही, ती अजून हळहळते. माझ्या नवऱ्याने तेव्हापासून तुम्हाला 'गुरुजी' म्हणायला सुरुवात केली. तो काम करतो त्या रेस्टॉरंटातून तुमच्यासाठी डबा आणायचा. आठवी शिकलेल्या बाईच्या नावावर आज जगातल्या हजारो कंपन्यांचे तुकडे आहेत, आणि ही गोष्ट मी आईला फोनवर सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे तू मालकीण झालीस काय गं?" तुम्ही किती हसला होतात.

म्हणून तर मी तुम्हाला काही विचारू शकले नाही.

नोव्हेंबरात तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही खिळा आणि हातोडी घेऊन पट्ट्याला नवीन भोक पाडत होतात. मी म्हटलं, "बारीक झालात." तुम्ही म्हणालात, "म्हातारा झालो." मग स्वतःहूनच, पट्ट्याकडे बघत, "जरा रक्त जातं. मूळव्याध. जुनी आहे, कॅनडापासूनची."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं की शोधतात. शोधलं की सापडतं. कुमुदचं काय झालं? चांगली हिंडतीफिरती होती. तपासायला नेली आणि तीन महिन्यांत गेली."

"काका, काकू तपासण्यांमुळे गेल्या का?"

तुम्ही हातोडी खाली ठेवलीत. "मीनलला सांगायचं नाही. सातवा लागलाय तिला. किती वर्षांनी दिवस गेलेत. बाळ होऊ दे, मग मी स्वतः जातो."

मी हो म्हटलं. चहा केला. तुमच्या टेबलावर एक पाकीट पडलं होतं, ते बाजूला सरकवून मी कप ठेवला.

जानेवारीत बाळ झालं. मी विचारलं. "बारसं होऊ दे." बारसं कधी, तर मीनलचे सासूसासरे नागपूरहून येतील तेव्हा. त्यांचा व्हिसा मार्चपर्यंत आला नाही. बारसं झालं, तुम्ही बाळाच्या कानात नाव सांगायच्या वेळी खुर्चीला धरून उभे होतात, मी बघत होते. दुसऱ्या दिवशी फोन केला. "आता पाहुणे आहेत. पाहुणे जाऊ देत." एकदा मी जरा आवाज चढवला, तर म्हणालात, "शोभाबाई, घाईत घेतलेला निर्णय नेहमी महाग पडतो."

आणि मी गप्प झाले! त्या वाक्यावर मी गप्प झाले, कारण ते वाक्य पैशाच्या बाबतीत खरं ठरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हा राग मला रात्रंदिवस खातोय. तुमच्याकडे एकच औषध होतं, थांबा, आणि ते तुम्ही सगळ्याला लावलंत. बाजारात थांबलं की जगभरची माणसं आपल्यासाठी राबतात. पोटात थांबलं की ती गाठ राबते, तिला रविवारची सुट्टी नसते. वेळ कुणाच्या बाजूने आहे हे आधी बघायचं असतं, मग थांबायचं की नाही ते ठरवायचं. एवढी साधी गोष्ट मला कळत होती. आठवीतल्या पोरीला कळेल. तुम्हाला कळत नव्हती का? कळत होती. तुम्ही भ्यालात, आणि भीतीला धीर असं नाव दिलंत.

मे महिन्यात तुम्ही जिन्यात पडलात. हॉस्पिटलात डॉक्टर मीनलला म्हणाले, वर्षभर आधी आला असता तर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी पडद्याच्या ह्या बाजूला उभी होते. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. झोपला नव्हतात. मला माहितीये.

तुम्ही गेल्यावर, शोकसभेच्या आधी, तुमचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा मीनलने उघडला ते तुम्हाला कळायला हवं. ज्यात तुम्ही फंडाची पत्रं न उघडता टाकायचात आणि अभिमानाने सगळ्यांना दाखवायचात, "वर्षातून एकदाच बघायचं, वाढदिवसाला!" त्यांच्यामध्ये तीन जाड पाकिटं निघाली. आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी सरकार घरी पाठवतं ती. काडीवर शौचाचा जरासा नमुना घ्यायचा, बाटलीत घालायचा, पोस्टात टाकायचा, फुकट. दोन-दोन वर्षांच्या अंतराने आलेली तीन. एकही फोडलेलं नव्हतं. वाढदिवसालाही नाही. मीनलने ती माझ्यासमोर पलंगावर ओळीने मांडली. मला वरचं पाकीट ओळखू आलं. मी चहाच्या कपासाठी सरकवलं होतं ते.

आता तुमच्या वाक्यावर येते. घरी जेवलेल्या माणसाला विचारता येत नाही. त्या माणसाने तुमच्या घरी मोदक खाल्ले म्हणून तुम्ही गप्प बसलात. तुम्ही माझ्या ओट्याशी उभं राहून मला शहाणं केलंत म्हणून मी गप्प बसले. तुमची चूक जशीच्या तशी मी तुमच्यावरच केली, काका. फक्त मी पैसे नाही घालवले.

हे इथवर लिहून झालं आणि पुढे सरकेना. कारण हे छापून आलं असतं आणि मीनलने वाचलं असतं, किंवा कुणीतरी तिला वाचून दाखवलं असतं. मला भीती कशाची होती, तर ती मला दार दाखवेल याची. ते एक. पण त्याहून मोठी भीती दुसरीच. तिच्या बाळासाठी तुम्ही थांबलात असं तिला कळलं, तर ती जन्मभर त्या लेकराकडे काय म्हणून बघेल? ह्या भीतीने माझं तोंड बंद केलं होतं. मग वाटलं, हेसुद्धा तेच झालं. आज नको, ती सावरू दे. महिना जाऊ दे.

काल सकाळी बस पकडली आणि गेले.

ती बाळाला भरवत होती. मी चप्पल काढायच्या आधीच बोलले, नाहीतर बोललेच नसते. "मीनल, त्यांना माहीत होतं. नोव्हेंबरपासून. मलाही माहीत होतं. तुला सांगू नका म्हणाले आणि मी नाही सांगितलं."

तिने चमचा वाटीत ठेवला. मग ती म्हणाली, "सहा महिने? तुम्ही इथे येत होता. डिंकाचे लाडू घेऊन येत होता."

"हो."

"आणि मला विचारत होता, दूध येतं का पुरेसं?"

"हो."

"गो होम, शोभाताई. प्लीज." मी वळले. हात कडीवर होता. तेव्हा मागून, वेगळ्याच आवाजात, "का नाही सांगायचं? मी प्रेग्नंट होते म्हणून? ह्याच्यामुळे?" आणि तिने बाळाकडे बघितलं.

ज्या बघण्याला मी भीत होते तेच ते बघणं होतं. आणि काका, मला माहीत नाही माझ्या तोंडून कसं आलं. मी ओरडलेच. "ह्याच्यामुळे काही नाही! तीन पाकिटं आहेत त्या डब्यात, दोन तर ह्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा कुठे होता हा? तुझे बाबा घाबरट होते."

"बाबा?" ती म्हणाली. "घाबरट?"

"एक नंबरचे. पैशात वाघ होते. दवाखान्याचं नाव काढलं की मांजर. तुझ्या आईचं झाल्यापासून. तुझं नाव पुढे केलं, मग बारशाचं, मग पाहुण्यांचं. हा झाला नसता तर तुमच्या गॅरेजच्या रंगकामाचं कारण दिलं असतं."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते तिने शोकसभेतही रडलेलं मी पाहिलं नव्हतं. मला तिने बस म्हटलं नाही. जा असंही परत म्हटलं नाही. बाळाची वाटी माझ्या हातात दिली आणि आत गेली. मी उभ्या उभ्याच त्याला भरवलं. बऱ्याच वेळाने बाहेर आली, तोंड धुऊन, आणि म्हणाली, "मला अजून राग आहे तुमचा. खूप दिवस राहणार."

मी म्हटलं, "राहू दे. मी येत राहीन."

घाबरट. हा शब्द तुमच्यासाठी मी पहिल्यांदा वापरला, तुमच्या माघारी, तुमच्या लेकीच्या घरात. नोव्हेंबरात तुमच्या टेबलाशी तोंडावर वापरला असता तर? तुम्ही भडकला असतात. चहा तसाच टाकून उठला असतात. महिनाभर माझा फोन घेतला नसतात, मंडळात सांगितलं असतंत की शोभाबाईला दोन पैसे काय झाले, मोठ्यांशी बोलायची रीत राहिली नाही.

आणि गेला असतात डॉक्टरकडे, काका. मला खोटं पाडायला म्हणून का होईना, गेला असतात.